करंट परत कुठून येतो?

ब्रेक दाबला की डॅशबोर्डवरचा छोटा दिवा मंद उजळतो. डावा इंडिकेटर लावला की मागचे लाल दिवेही त्याच तालात लुकलुकतात. वायपर फिरू लागला की पेट्रोलचा काटा जागचा हलतो. सकाळी सेल्फ मारला तर नुसतं ‘टक्’ होतं आणि तीच गाडी दुपारी पहिल्या झटक्यात चालू होते. परभणीत जिंतूर रोडला किंवा वसमत रोडला जुनी मारुती ८००, सुमो किंवा इंडिका बाळगणाऱ्या कुणालाही विचारा, यातली एखादी तक्रार त्याच्या तोंडून ऐकू येईल. “मामा, काय झालंय कळंना बघा, कवा चालू होती, कवा होईना,” असं म्हणत गाडी वायरमनच्या हवाली केली जाते. मग बॅटरी बदलली जाते, फ्लॅशर बदलतो, स्विच बदलतो, खिसा हलका होतो आणि काही दिवसांनी डॅशबोर्डवरचा तो दिवा पुन्हा उजळतो.

या तक्रारी वरवर एकमेकींपासून लांबच्या दिसतात. पण त्यांतल्या बहुतेकींचं मूळ एकाच जागी निघतं, ते म्हणजे करंट परत येण्याच्या रस्त्यात.

मारुती ८०० ची पहिली गाडी डिसेंबर १९८३ मध्ये ग्राहकाच्या हाती आली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. म्हणजे सगळ्यात तरुण ८०० नंही आता दहा वर्षं कधीच ओलांडली आहेत. एमएच-२२ पाटीच्या अशा कितीतरी गाड्या परभणी, सेलू, पाथरी, मानवत भागात अजून रोज चालतात. काही हिंगोलीकडेही दिसतात, कारण तो जिल्हा १ मे १९९९ ला वेगळा होईपर्यंत परभणीतच होता. खासगी गाडीची पंधरा वर्षांची नोंदणी संपली की तपासणी करून पाच-पाच वर्षांनी ती वाढवता येते. त्यामुळं इंजिन धडधाकट असेल तर गाडी मोडीत काढायचं कारण नसतं. इंजिनाची झीज आवाजातून आणि धुरातून कळते. वायरिंगचं म्हातारपण मात्र टेपच्या आत, पत्र्याच्या मागं लपलेलं असतं, म्हणून त्याला घाबरून लोक चांगल्या गाड्या मातीमोल भावात देऊन टाकतात. ही हळहळ हा लेख लिहिण्यामागं आहे.

गाडीत बॅटरीच्या प्लसपासून प्रत्येक दिव्यापर्यंत वायर जाते, पण दिव्यापासून बॅटरीच्या मायनसपर्यंत वेगळी वायर सहसा नसते. दिव्याजवळची एक आखूड काळी वायर पत्र्याला स्क्रूनं कसलेली असते आणि तिथून पुढं गाडीची बॉडीच वायरचं काम करते. यालाच वायरमन ‘बॉडी अर्थ’ किंवा नुसतं ‘अर्थिंग’ म्हणतात. १८४५ साली गुस्ताव किरखॉफ या जर्मन शास्त्रज्ञानं विद्यार्थिदशेतच मांडलेला नियम इथं उपयोगी पडतो: एखाद्या जोडाशी जेवढा करंट येतो, तेवढाच तिथून निघायला हवा. त्याचा नेहमीचा रस्ता बंद असेल तर तो मिळेल त्या दुसऱ्या रस्त्यानं निघतो. तो दुसरा रस्ता बहुतेक वेळा दुसऱ्याच एखाद्या बल्बमधून जातो.

ब्रेकच्या दिव्याचं उदाहरण नीट उलगडून पाहू. मागच्या लाल दिव्यात एकाच बल्बमध्ये दोन फिलामेंट असतात: ब्रेकचं २१ वॅटचं आणि पार्किंगचं ५ वॅटचं. दोघांचं अर्थिंग एकच. तो स्क्रू गंजला असं समजा. ब्रेक दाबला, करंट २१ वॅटच्या फिलामेंटमधून आला, पण पत्र्याकडं वाट नाही. मग तो ५ वॅटच्या फिलामेंटमधून उलटा चढतो, पार्किंगच्या वायरीनं पुढं जातो आणि दुसऱ्या बाजूचा लाल दिवा, नंबर प्लेटचा दिवा, डॅशबोर्डचा दिवा अशा जागी, जिथं अर्थिंग शाबूत आहे तिथं पोचतो. आता गणित करा. बारा व्होल्टवर २१ वॅटच्या फिलामेंटचा रोध सुमारे ७ ओहम येतो आणि ५ वॅटच्याचा सुमारे २९ ओहम. दोन्ही एकामागं एक जोडले गेले की विजेचा बहुतेक दाब मोठ्या रोधावर पडतो. म्हणून ब्रेकचं फिलामेंट काळंच राहतं, पार्किंगचं पेटतं आणि समोर डॅशबोर्ड उजळतो. मालकाला वाटतं ब्रेकचा स्विच गेला. प्रत्यक्षात बिघाड डिकीतल्या एका स्क्रूत असतो. तो काढायचा, पत्रा पॉलिश पेपरनं चकचकीत होईपर्यंत घासायचा, थिम्बल नवं लावायचं, कसायचं आणि वरून व्हॅसलिनचा हलका थर द्यायचा. सामानाचा खर्च एका चहाइतका.

हाच प्रकार इंजिनाच्या बाबतीत घडला तर धोका मोठा असतो. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळं त्याला बॉडीशी जोडणारी जाड अर्थ-पट्टी लागते. छोट्या कारच्या सेल्फला फिरताना शंभर-दीडशे अँपिअर करंट लागतो. ती पट्टी तुटली किंवा तिच्या बोल्टखाली गंज चढला की हा सगळा करंट क्लचच्या नाहीतर ॲक्सिलरेटरच्या केबलमधून परतायला बघतो. ती केबल तापते, तिच्यातलं प्लास्टिक वितळतं, कधी धूर निघतो. क्लच केबल वारंवार जाम होते म्हणून ती दोनदा बदलली असेल, तर तिसरी घेण्याआधी अर्थ-पट्टी बघावी.

आता मोजमापाकडं येऊ, कारण खरी चूक तिथं होते. वायरमन टेस्टर लावतो, लाइट पेटते, “करंट येतोय” असं म्हणतो आणि पुढं जातो. मल्टिमीटर लावला तरी तो १२ व्होल्ट दाखवतो. पण ही मापं भार नसताना घेतलेली असतात. ठिबकच्या नळीत कचरा अडकला असला तरी शेवटचा कॉक बंद असेपर्यंत गेजवर पूर्ण दाब दिसतो, कॉक उघडला की तो कोसळतो. वायरचंही तसंच आहे. वायरीतल्या वीस तारांपैकी एकच तार शिल्लक असली तरी मीटर बारा व्होल्टच दाखवणार, कारण मीटर जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. रोध मोजूनही भागत नाही. बिघडलेल्या जोडाचा रोध एक शतांश ओहम असू शकतो आणि साध्या मल्टिमीटरच्या स्वतःच्या वायरींचाच त्याच्या कितीतरी पट असतो. पण त्या एक शतांश ओहममधून १५० अँपिअर गेले की दीड व्होल्ट वाटेतच गळतो. थंडीत अर्धमेल्या बॅटरीला तेवढा दीड व्होल्टच नडतो.

म्हणून भार चालू असताना, एकाच वायरीच्या दोन टोकांमध्ये गळणारा व्होल्ट मोजायचा. मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. लाल टोक इंजिनाच्या उघड्या धातूवर, काळं टोक बॅटरीच्या मायनसच्या शिशाच्या खुंटीवर. क्लॅम्पवर टेकवू नका, थेट खुंटीवरच टेकवा. कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. ०.२ व्होल्टच्या आत आकडा राहिला तर अर्थिंग ठीक. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसला तर रस्त्यात अडथळा आहे. मग टोकं जवळजवळ आणत जायचं: खुंटी ते क्लॅम्प, क्लॅम्प ते पट्टी, पट्टी ते बॉडी, बॉडी ते इंजिन. जिथं आकडा उडी मारतो तिथं पाना लावायचा. प्लसच्या बाजूला बॅटरीपासून सेल्फच्या बोल्टपर्यंत हाच प्रयोग करावा, तिथं अर्ध्या व्होल्टपर्यंत चालतं. मला ही चाचणी गाडीच्या विजेतली सगळ्यात मोलाची वाटते. काही शे रुपयांच्या मीटरनं ती होते, आणि हा दोष शोधायला तिच्याहून चांगली रीत नाही.

शोधताना निम्म्यावर तोडण्याची पद्धत ठेवावी. स्विचपासून दिव्यापर्यंत सोळा जोड असतील तर एका टोकापासून एकेक उघडत बसायचं नाही. मधल्या कपलरवर मोजायचं. तिथपर्यंत ठीक असेल तर दोष पुढच्या आठांत, नसेल तर मागच्या आठांत. मग चार, मग दोन. चार मापांत जोड सापडतो.

परभणीची हवा यात स्वतःची भर घालते. मे महिन्यात इथं पारा ४३-४४ अंशांवर जातो, आणि उन्हात उभ्या गाडीच्या बॉनेटखाली त्याहून बरंच जास्त तापमान असतं. वायरीवरच्या पीव्हीसीत तिला मऊ ठेवणारं एक रसायन असतं, ते उष्णतेनं हळूहळू निघून जातं. पंधरा-वीस उन्हाळे काढलेली वायर इंजिनाजवळ वाकवली की कवच तडकतं. टेपचा डिंक वितळून ओघळतो आणि पिळलेले जोड उघडे पडतात. शिसे-आम्लाच्या बॅटरीचं तर आणखी वाईट. गॅस्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञानं ती १८५९ मध्ये बनवली. रचना बरीच सुधारली, पण मूळ रसायन आजही तेच आहे. ढोबळ नियम असा, की तापमान दहा अंशांनी वाढलं की तिचं आयुष्य जवळपास निम्मं होतं. उन्हाळ्यात पाणी उडतं, पट्ट्या उघड्या पडतात, त्यांच्या जाळ्या कुरतडल्या जातात. एवढं होऊनही गाडी मात्र चालू होत राहते, कारण उन्हाळ्यात इंजिन ऑइल पातळ असतं आणि सेल्फला जोर कमी लागतो.

मग डिसेंबर येतो. परभणीच्या थंडीची बातमी दरवर्षी वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या नोंदीवरून छापून येते, आणि काही वर्षी पारा पाच अंशांच्याही खाली गेलेला आहे. ऑइल घट्ट होतं, बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते आणि मे महिन्यात अधू झालेली बॅटरी आता हात टेकते. लोक थंडीला बोल लावतात. इथल्या जुन्या गाडीच्या मालकानं बॅटरीची तपासणी पावसाळा सरताना, दिवाळीच्या आत करावी असं माझं मत आहे, आणि पाणी बघायचं ते एप्रिल-मेमध्ये. पाणी डिस्टिल्डच. बोअरच्या पाण्यातले क्षार पट्ट्यांचं नुकसान करतात.

रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे साधारण निम्मी, १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. सेल्फ फिरताना साडेनऊच्या खाली घसरली तर बॅटरीवर संशय घ्यावा. साडेदहावर अडकून बसलेली बॅटरी म्हणजे सहापैकी एक सेल मेला, तिला चार्जिंगला लावून काही हाती लागत नाही. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ दिसायला हवेत. मल्टिपॉइंट इंजेक्शनच्या गाड्यांत एक चकवणारा प्रकार होतो: सेल्फनं इंजिन फिरतं पण पेटत नाही, धक्का दिला की लगेच पेटतं. सेल्फ फिरताना व्होल्ट इतके कोसळतात की इंजिन चालवणारा छोटा कॉम्प्युटर बंद पडतो. धक्क्याच्या वेळी सेल्फचा भार नसतो, म्हणून तो जागा राहतो. अशा वेळी लोक पंप आणि सेन्सर बदलतात. त्याआधी दहा सेकंद मीटर लावून बघितलं तर ते पैसे वाचतात.

दुसरी मोठी तक्रार रात्रीत बॅटरी उतरण्याची. मारुती ८०० ची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची. डिकीचा ५ वॅटचा बल्ब झाकण लागल्यावरही जळत राहिला तर ताशी ०.४ अँपिअर-तास जातात. दोन दिवसांत निम्मी बॅटरी रिकामी होते आणि तिसऱ्या सकाळी सेल्फ ‘टक्’ करतो. जुन्या साध्या गाडीत सगळं बंद असताना ५० मिलिअँपिअरपेक्षा जास्त करंट जाता कामा नये. ते बघण्याची जुनी युक्ती मला फार आवडते: मायनसची केबल काढायची आणि खुंटी व केबल यांच्या मधोमध ५ वॅटचा बल्ब जोडायचा. दरवाजे बंद, चावी बाहेर. बल्ब स्पष्ट पेटला तर कुठंतरी गळती आहे. मग एकेक फ्यूज काढत जायचं. ज्या फ्यूजला बल्ब विझला त्या फ्यूजच्या वाटेवर चोर आहे. मीटर लावून नेमका आकडा मिळतो, फक्त मीटर मध्ये असताना सेल्फ मारायचा नाही, मीटरचा फ्यूज उडेल.

कधी सगळे फ्यूज काढले तरी बल्ब पेटलेलाच राहतो. तेव्हा अल्टरनेटरची जाड वायर सोडवून बघावी, कारण ती फ्यूजच्या पेटीतून जात नाही. अल्टरनेटरमध्ये एसी वीज तयार होते आणि डायोड तिची डीसी करतात. एखादा डायोड खराब झाला की बॅटरीचा करंट रात्रभर उलटा झिरपतो. सकाळी बॅटरी बदलली जाते, चार दिवसांनी नवीही उतरते आणि दोष बॅटरी विकणाऱ्याच्या माथी जातो. इंजिन चालू ठेवून बॅटरीवर मीटर एसीच्या खुणेवर लावला आणि अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा आला, तर डायोड गेला असं बहुतेक वेळा समजावं.

उलटा प्रकार शॉर्टचा. फ्यूज लावला की उडतो. त्या वेळी जाड तार किंवा सिगारेटच्या पाकिटाची चांदी लावणं म्हणजे गाडी पेटवून देण्याची तयारी. फ्यूज वायर वाचवायला असतो. फ्यूजच्या जागी हेडलाइटचा ५५ वॅटचा बल्ब जोडावा. तो पाच अँपिअरपेक्षा जास्त करंट जाऊ देत नाही, त्यामुळं वायर जळत नाही आणि शॉर्ट असेपर्यंत तो लख्ख पेटतो. मग वायरिंग हातानं हलवत जायचं: दाराच्या बिजागरीशी, डिकीच्या रबराशी, इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भोकाशी. जिथं हात लावल्यावर बल्ब मंदावतो तिथं टेप उघडायची. बिजागरीशी वायर रोज वाकते आणि कवच शाबूत राहून आतली तांब्याची तार तुटते, हे विसरू नये.

सगळ्यात चिवट बिघाड कधी येणारा, कधी जाणारा. गाडी दुकानात पोचते तेव्हा तो दिसत नाही. इथं मालकाची वही वायरमनच्या पान्याइतकीच कामाची ठरते. गाडी बंद पडली तेव्हा इंजिन गरम होतं की थंड, पाऊस होता की कोरडं, खड्डा गेला की वळण, कोणता स्विच चालू होता, पुन्हा चालू व्हायला किती वेळ लागला, एवढं लिहावं. गंगाखेडपर्यंत नीट गेलेली गाडी परतीला बंद पडली आणि वीस मिनिटं उभी राहिल्यावर चालू झाली, तर संशय इग्निशन कॉइलवर किंवा मॉड्यूलवर, पद्मिनी-ॲम्बॅसिडरच्या काळातली असेल तर कंडेन्सरवर. हे भाग तापले की आतला बारीक जोड सुटतो, थंड झाले की पुन्हा टेकतो. तिथंच उभं राहून कॉइलवर ओलं फडकं ठेवलं आणि गाडी लगेच चालू झाली, तर आरोपी सापडला. पावसाळी सकाळी झटके देणारी गाडी अंधारात बॉनेट उघडून बघावी. प्लगच्या जुन्या वायरींवर निळसर ठिणग्या सरपटताना डोळ्यांना दिसतात. खड्ड्यात बंद पडणारी गाडी बॅटरीच्या सैल क्लॅम्पमुळंही बंद पडते. आणि चावीसोबत घराच्या, गोठ्याच्या, कपाटाच्या चाव्यांचा जड जुडगा लटकत असेल तर इग्निशन स्विचच्या आतले संपर्क झिजतात. जुडगा हलवला की डॅशबोर्ड विझतो का, ते पाहावं.

आखाड्यावर उभ्या राहणाऱ्या गाड्यांना आणखी एक शत्रू असतो. सोयाबीन घरात आलं, ज्वारीची रास झाली की शेडमध्ये उंदीर वाढतात आणि गरम इंजिनाजवळ मुक्काम करतात. ते वायरीचं कवच कुरतडतात, कधी तांबंही तोडतात. उघडी पडलेली वायर महिनाभर काहीच त्रास देत नाही. मग काळ्या मातीची धूळ तिच्यावर बसते, ती धूळ ओल धरते, आणि पहिल्या पावसात हॉर्न आपोआप वाजू लागतो. शेडमध्ये राहणाऱ्या गाडीचं एअर फिल्टर आणि बॅटरीच्या मागची जागा महिन्यातून एकदा उघडून लेंड्या दिसतात का बघावं.

तरीही माझ्या पाहण्यात जुन्या गाडीचं सगळ्यात जास्त नुकसान नंतर जोडलेल्या सामानानं होतं. म्युझिक सिस्टीम, दोन जादा हॉर्न, एलईडी पट्टी, सेंट्रल लॉक, गॅसकिटचा स्विच. प्रत्येकानं जवळची वायर सोलली, पिळ दिला, टेप गुंडाळली. बऱ्याच जुन्या गाड्यांत हेडलाइटचा सगळा करंट स्टिअरिंगजवळच्या स्विचमधूनच जातो. त्यात जादा भार आला की स्विच वितळतो आणि दिवे पिवळे पडतात. दिव्यापर्यंत दहा टक्के व्होल्ट कमी पोचले तर उजेड सुमारे तीस टक्क्यांनी घटतो. यावर जास्त वॅटचा बल्ब घालू नये, तो स्विचला आणखी जाळतो. रिले बसवावा, बॅटरीपासून जाड वायर फ्यूजसह थेट दिव्यापर्यंत न्यावी आणि जुन्या स्विचला फक्त रिले चालवू द्यावा.

वायरमनच्या बाजूनं एक गोष्ट सांगायलाच हवी. आपण नव्या अल्टरनेटरचे पैसे कुरकुर न करता देतो, पण तीन तास खपून त्यानं एक गंजका स्क्रू शोधला तर “एवढ्याचे एवढे?” असं विचारतो. म्हणून भाग बदलणं त्याला परवडतं आणि शोधणं परवडत नाही. शोधण्याच्या वेळेची मजुरी आधीच ठरवावी, काढलेला भाग परत मागावा, आणि मोजलेले आकडे त्याच्याकडून लिहून घ्यावेत. काम झालं की कोणती वायर कुठून तोडली, कोणत्या रंगाची कुठं जोडली, कोणत्या फ्यूजवर काय आहे, याचं साधं चित्र कागदावर काढून प्लास्टिकच्या पिशवीत घालून ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवावं. मानवतला किंवा पूर्णेला गाडी अडली तर तिथल्या वायरमनला आधी तो कागद द्यावा.